ॲपच्या पोटात काय ठेवावं

अँड्रॉइड फोनवरच्या कुठल्याही ॲपची एपीके फाइल संगणकावर घ्या, नावाच्या शेवटचं 'एपीके' पुसून तिथे 'झिप' लिहा आणि उघडा. बिनतक्रार उघडते. आत 'क्लासेस डॉट डेक्स' नावाची फाइल असते, तो प्रोग्रामरने लिहिलेला कोड. 'लिब' फोल्डरात प्रोसेसरच्या जातीप्रमाणे यंत्रभाषेतल्या लायब्ऱ्या असतात. बाकी सगळा पसारा : चित्रं, आवाज, फॉन्ट, बटणांवरचा मजकूर, रंगांचे आकडे, पडद्यांचे आराखडे. खेळांच्या ॲपांत तर जागेचा मोठा वाटा ह्या पसाऱ्याचाच असतो.

हा पसारा कोडबरोबर एकाच पॅकेजात बांधायचा की वेगळा ठेवायचा, बांधायचा तर कसा, आणि कोडने तो शोधायचा कुठे? ह्या प्रश्नाची गेल्या चाळीस वर्षांत बरीच निरनिराळी उत्तरं दिली गेली. ती एकापाठोपाठ एक पाहिली की लक्षात येतं, बांधण्याचं तंत्र कधीच फार अवघड नव्हतं. डोकेफोड झाली ती दोन गोष्टींसाठी. आतल्या वस्तूचा पत्ता काय, आणि ती वस्तू खरोखर आत आहे ह्याची हमी कोणाची?

दोन पोटांची फाइल

1984 च्या जानेवारीत आलेल्या मॅकिंटॉशने दिलेलं उत्तर मला आजही सर्वांत देखणं वाटतं. त्या यंत्रावर प्रत्येक फाइलला दोन भाग असत, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. नावाने फाइल एकच, पण आतून दोन कप्पे. रिसोर्स फोर्कात प्रत्येक वस्तूला चार अक्षरांचा प्रकार आणि एक क्रमांक. कोडने फक्त एवढंच म्हणायचं : 'मेनू' प्रकारातली 128 क्रमांकाची वस्तू दे. ती डिस्कवर नेमकी कुठे आहे, मेमरीत आधीच आणलेली आहे का, हे बघण्याचं काम रिसोर्स मॅनेजरचं. तो ब्रूस हॉर्न ह्यांनी लिहिला.

हे सुचण्यामागे गरिबी होती. पहिल्या मॅकमध्ये मेमरी 128 केबी आणि फ्लॉपी 400 केबीची. सगळे मेनू, सगळे आयकन, सगळे फॉन्ट एकदम मेमरीत घेणं शक्यच नव्हतं. रिसोर्स मॅनेजर लागेल तेव्हा वस्तू आणायचा आणि जागा कमी पडली की ज्या वस्तूंवर 'टाकून दिली तरी चालेल' असा शिक्का असेल त्या काढून टाकायचा. पुन्हा लागली तर पुन्हा डिस्कवरून वाचायचा. त्यातून एक दुसरा फायदा झाला, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त टिकला. मेनूतला मजकूर कोडच्या बाहेर असल्यामुळे कोडला हात न लावता तो बदलता येऊ लागला. 'रेसएडिट' नावाच्या साधनाने प्रोग्राम उघडायचा, इंग्रजी शब्द खोडून फ्रेंच लिहायचे, जतन करायचं. भाषांतर करणाऱ्याला प्रोग्रामिंग येण्याची गरज उरली नाही. आज 'लोकलायझेशन' नावाचा जो मोठा धंदा आहे त्याची घडी इथे बसली.

दोन पोटांची फाइल फक्त मॅकच्या डिस्कलाच समजत असे, ही मात्र गोची होती. ती मोडेमवरून पाठवली किंवा डॉसच्या फ्लॉपीवर टाकली की समोरच्याला एकच कप्पा मिळायचा आणि दुसरा वाटेत गळून पडायचा. त्यातून त्या काळच्या मॅक प्रोग्रामांत कोडसुद्धा 'कोड' ह्याच प्रकारचा रिसोर्स म्हणून ठेवलेला असे, म्हणजे डेटा फोर्क बहुधा रिकामाच. त्यामुळे पलीकडे पोचायची ती शून्य बाइटची फाइल. मग दोन्ही कप्पे एका सरळ ओळीत गुंडाळणारे बिनहेक्स, मॅकबायनरी असले प्रकार निघाले. ह्या इतिहासाचं शेपूट अजून दिसतं. मॅकवाल्याने पाठवलेली झिप विंडोजवर उघडली की '__मॅकओएसएक्स' नावाचं एक फोल्डर आणि टिंबाने सुरू होणाऱ्या छोट्या छोट्या फाइली निघतात. लोक त्यांना व्हायरस समजून घाबरतात. ते दुसऱ्या कप्प्याचं सामान असतं, इतकंच.

विंडोजने कामापुरतं उत्तर काढलं. आयकन, डायलॉग, मजकुराचे तक्ते एका यादीत लिहायचे, रिसोर्स कंपायलरने त्यांची एक फाइल करायची आणि लिंकरने ती ईएक्सईच्या आतच चिकटवायची. म्हणून तर ईएक्सई फाइलला स्वतःचा चेहरा असतो आणि 'रिसोर्स हॅकर'सारख्या साधनाने तो बदलताही येतो. भाषा वेगळ्या फाइलींत काढण्याची पद्धत तिथे व्हिस्टाच्या वेळी रुळली.

नेक्स्ट कंपनीचा मार्ग ह्याच्या उलट होता. ॲप म्हणजे चक्क एक फोल्डर, फक्त समोरून ते एकसंध फाइल असल्यासारखं दाखवायचं. ॲपलने नेक्स्ट विकत घेतली आणि 2001 च्या मॅक ओएस एक्सबरोबर ही पद्धत मॅकवर आली. आजही मॅकवरच्या ॲपवर उजवी क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' म्हटलं की आतलं फोल्डर उघडतं : एकात कोड, एकात रिसोर्सेस, शेजारी माहितीपत्रक, आणि भाषेगणिक एक फोल्डर. साधं फोल्डर असल्यामुळे ते कुठल्याही डिस्कवर शाबूत राहतं. ज्या कंपनीने दोन पोटांची सुंदर फाइल घडवली तिनेच पुढे हा साधा उपाय घेतला, हे मला बोलकं वाटतं. पण फोल्डर जसंच्या तसं ईमेलने पाठवता येत नाही. ते द्यायला पुन्हा झिप नाहीतर डिस्क इमेज लागतेच. म्हणजे 'एकच फाइल' हा प्रश्न सुटला नाही, एक पायरी पुढे ढकलला गेला.

खेळवाल्यांची वाट

मधल्या काळात खेळ लिहिणाऱ्यांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोयींची वाट पाहायला वेळ नव्हता. 10 डिसेंबर 1993 ला 'डूम' आला आणि त्याच्याबरोबर वॅड फाइल आली. तिची रचना इतकी सुटसुटीत आहे की कागदावर मांडता येते. सुरुवातीला 12 बाइटांचं मथळ्याचं पान : चार बाइटांत 'आयवॅड' किंवा 'पीवॅड' ही ओळख, चार बाइटांत एकूण वस्तूंची संख्या, चार बाइटांत यादी कुठे सुरू होते तो आकडा. यादीतली प्रत्येक नोंद 16 बाइटांची : वस्तू कुठून सुरू होते, किती लांब आहे, आणि आठ अक्षरांचं नाव. फोल्डर नाहीत, आकुंचन नाही. भिंतींची चित्रं, राक्षसांचे आवाज, नकाशे, संगीत, सगळं एकापाठोपाठ एक ओतलेलं.

'आय' आणि 'पी' ह्या एका अक्षराच्या फरकात पुष्कळ काही होतं. आयवॅड म्हणजे खेळाचं मूळ सामान. पीवॅड म्हणजे वरून घालायचं ठिगळ : त्यात मूळ नावाचीच वस्तू असली तर खेळाने ठिगळातली उचलायची. म्हणजे मूळ फाइलीला हात न लावता कोणीही नवा नकाशा, नवी चित्रं, नवे आवाज घालू शके. जगभरच्या पोरांनी ते केलं, आणि खेळ बदलून खेळण्याची आजची संस्कृती पुष्कळशी तिथून वाढली. डूम लिहिणाऱ्याच कंपनीने पुढे 'क्वेक'मध्ये पॅक फाइल आणली, 'क्वेक 3'मध्ये तिची पीके3 झाली, आणि ती प्रत्यक्षात झिपच होती.

आणखी एक गोष्ट वॅडमुळे उघड झाली. 1997 च्या अखेरीस डूमचा सोर्स कोड लोकांसाठी खुला झाला, पण वॅड खुली झाली नाही. कोडचा मालकी हक्क एका बाजूला, चित्रं-आवाजांचा दुसऱ्या बाजूला. मग 'फ्रीडूम' नावाच्या प्रकल्पात लोकांनी सगळी चित्रं, आवाज आणि नकाशे नव्याने घडवून स्वतंत्र वॅड तयार केली. पॅकेजातली फट जिथे पडते तिथेच कायद्याची रेघही जाते, हे इतकं ढळढळीत क्वचितच दिसतं. फॉन्टच्या बाबतीत ते पुढे येईलच.

खेळांच्या सामानाची एक अजब बाजूही सांगायला हवी. फिरत्या डिस्कवर वाचणारं हेड एका जागेवरून दुसरीकडे न्यायला वेळ लागतो. म्हणून एका दृश्याला लागणारं सगळं सामान शेजारी शेजारी ठेवायचं, आणि तीच वस्तू दहा दृश्यांत लागत असेल तर तिच्या दहा प्रती करायच्या. प्लेस्टेशन 5 चे रचनाकार मार्क सर्नी ह्यांनी 2020 च्या व्याख्यानात सांगितलं की 'स्पायडर-मॅन'मधल्या काही वस्तूंच्या हार्ड डिस्कवर चारशे प्रती होत्या. एसएसडी आल्यावर ह्याची गरज संपली, पण सवय संपली नाही. 'हेलडायव्हर्स 2'ची पीसीवरची आवृत्ती सुमारे 154 जीबीची होती; 2025 च्या अखेरीस दुबार सामान काढल्यावर ती 23 जीबीच्या आसपास आली. आणि मोजून पाहिल्यावर निघालं काय, तर खेळ सुरू व्हायला लागणारा वेळ मुख्यतः सामान वाचण्यात जातच नव्हता. वर्षानुवर्षं अंदाजावर चाललेल्या रिवाजाची सवाशे जीबीहून जास्त किंमत.

झिपचं राज्य

फिल कॅट्झ ह्यांनी 1989 मध्ये झिप आणली. तिची पहिली दोन अक्षरं 'पीके' ही त्यांच्याच नावाची. आज एपीके, आयफोनची आयपीए, जावाची जार, वर्डची डॉकएक्स, लिबरऑफिसची ओडीटी, ई-पुस्तकाची ईपब ह्या सगळ्या पोटातून झिप आहेत. एवढं राज्य एका स्वरूपाला का मिळालं, ह्याचं उत्तर तिच्या यादीच्या जागेत आहे. झिपची यादी फाइलच्या शेवटी असते, जाडजूड ग्रंथाच्या शेवटी सूची असावी तशी. वाचणारा प्रोग्राम शेवटाकडून मागे सरकत यादीची खूण शोधतो, यादी वाचतो, आणि हवी ती वस्तू थेट उचलतो. बाकीचं उलगडावं लागत नाही.

ह्यातून एक चमत्कारिक सोय निघाली. यादी शेवटी आहे, म्हणजे झिपच्या सुरुवातीला काहीही चिकटवलं तरी चालतं. ईएक्सई मात्र सुरुवातीपासून वाचली जाते आणि तिच्या शेपटीला काय लोंबतंय ह्याची विंडोजला फिकीर नसते. तेव्हा ईएक्सईच्या मागे झिप जोडली की दोन्ही तोंडांनी वैध असलेली एकच फाइल तयार! 'लव्ह' ह्या खेळ-इंजिनात आजही असंच करतात. खेळाचं सगळं सामान झिप करायचं आणि डॉसच्या जुन्या कॉपी आज्ञेने ते इंजिनाच्या ईएक्सईला जोडून द्यायचं. कुठलंही खास साधन लागत नाही. स्वतःच उलगडणाऱ्या फाइली वर्षानुवर्षं ह्याच युक्तीवर चालत आल्या.

झिपच्या अशाच सैलपणाने अँड्रॉइडला दोनदा अडचणीत आणलं. पहिली घटना 2013 ची. झिपमध्ये एकाच नावाच्या दोन नोंदी असू नयेत असं कोणालाही वाटेल, पण स्वरूप त्यांना अडवत नाही. ब्लूबॉक्स कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की अशी फाइल दिली तर सही तपासणारा भाग एक नोंद पाहतो आणि प्रत्यक्ष चालवणारा भाग दुसरी. तपासली एक, चालली भलतीच. 'मास्टर की' ह्या नावाने ते प्रकरण गाजलं. दुसरी घटना 2017 ची, 'जेनस' नावाची. तिथे एपीकेच्या सुरुवातीला दुष्ट कोडची डेक्स फाइल चिकटवलेली होती. सही तपासणाऱ्याने शेवटाकडून वाचून 'ही झिप आहे, सही ठीक आहे' म्हटलं. चालवणाऱ्याने सुरुवातीकडून वाचून 'ही डेक्स आहे' म्हटलं आणि चालवली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते! अँड्रॉइड 7 पासून सही एकेका नोंदीवर न घेता सबंध फाइलवर घेण्याची नवी पद्धत आली, त्यावर इलाज होता तो हाच. तिचा परिणाम असा की सहीनंतर पॅकेजातला एक बाइटही इकडचा तिकडे करता येत नाही. आतली मांडणी सरळ करायची ती सहीच्या आधी.

माध्यमांच्या फाइलींपुरता झिपचा आणखी एक बारकावा आहे, आणि नवशिक्या अँड्रॉइडवाल्याला तो हमखास गाठतो. जेपीईजी, पीएनजी, एमपी3, एमपी4 ह्या फाइली मुळातच आवळलेल्या असतात. झिपने त्या पुन्हा आवळून हाती जवळजवळ काही लागत नाही. म्हणून अँड्रॉइडचं पॅकेज बांधणारं साधन नावांची अशी शेपटं पाहून त्या फाइली न आवळता तशाच ठेवतं. फायदा जागेचा नाही, पत्त्याचा आहे. न आवळलेली फाइल पॅकेजात अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत सलग पडलेली असते, त्यामुळे आवाज वाजवणाऱ्या घटकाला 'ह्या फाइलीतल्या इतक्याव्या बाइटपासून वाजव' एवढं सांगून भागतं. बाहेर प्रत काढावी लागत नाही. आता एखाद्याने आपल्या आवाजांना स्वतःचंच काही शेपूट दिलं, तर साधन त्यांना ओळखत नाही, आवळून टाकतं, आणि ॲप चालवल्यावर चूक येते : ही फाइल अशी उघडता येत नाही, बहुधा ती आवळलेली आहे. ह्या सूचनेतल्या 'बहुधा'ने अनेकांच्या रात्री खाल्ल्या आहेत. उपाय एका ओळीचा, त्या शेपटाला न आवळण्याच्या यादीत घालायचं.

ईपबवाल्यांनी ह्याच गुणाचा मोठा चतुर उपयोग केला. ईपबमध्ये पहिली फाइल 'माइमटाइप' हीच हवी आणि ती आवळलेली नको, असा नियम आहे. त्यामुळे झिप न उलगडता, फाइलचे पहिले काही बाइट पाहूनच हे ई-पुस्तक आहे हे कळतं. फोल्डर नेहमीसारखं झिप करून शेपूट ईपब केलं तर काही वाचक-प्रोग्राम ते उघडतात, पण तपासणीत नापास होतं. मराठी ई-पुस्तकं घरच्या घरी बनवणाऱ्यांना हा अनुभव असेल.

फाइलींच्या नावांचा एक जुना दंशही इथेच. मूळ झिपमध्ये नावं आयबीएमच्या 437 क्रमांकाच्या वर्णसंचात धरली जात. त्यात देवनागरी नव्हती. युनिकोड नावांसाठी वेगळी खूण ठेवण्याची तरतूद 2006 मध्ये झाली, आणि सगळ्या साधनांत ती मुरायला आणखी बरीच वर्षं गेली. 'प्रस्तावना' नावाची फाइल पलीकडे चौकोन आणि रेघांचा पुंजका होऊन निघे, त्याचं कारण हे. पॅकेजाच्या आतली नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, रिकाम्या जागेशिवाय ठेवावीत हा सल्ला त्यामुळे अजून शहाणपणाचा आहे. अँड्रॉइडच्या 'रेस' फोल्डरात तर तो नियमच आहे.

कोडमध्येच विरघळवणं

सामान वेगळं न ठेवता कोडमध्येच ओतायचं, हाही एक जुना मार्ग. फाइलीतला प्रत्येक बाइट आकडा म्हणून लिहायचा आणि सी भाषेतला एक लांबलचक तक्ता बनवायचा. युनिक्सच्या जुन्या एक्सबीएम चित्रांची फाइल ही तर मुळातच सी भाषेतला मजकूर असे. पण एका बाइटला 'शून्य, एक्स, दोन अक्षरं, स्वल्पविराम, रिकामी जागा' अशी सहा अक्षरं लागतात. म्हणजे एक एमबीचं चित्र कोडमध्ये सहा एमबीचं होतं, आणि कंपायलर ते सगळं व्याकरण लावून वाचत बसतो. मोठ्या फाइलींना मशिनची मेमरी अपुरी पडे. तरी ही पद्धत चालू राहिली, कारण तिच्यात हमी पक्की होती. सामान कोडमध्येच आहे. ते हरवूच शकत नाही.

भाषांनी ही गरज अधिकृतपणे मान्य करायला फार वेळ लावला. गो भाषेत ती सोय 2021 च्या 1.16 आवृत्तीत आली. तोवर लोक बाहेरची साधनं वापरत, आणि त्यांतल्या एका लोकप्रिय साधनाच्या मूळ लेखकाने 2018 मध्ये आपलं खातंच बंद केल्यावर त्यावर विसंबलेल्यांची धावपळ उडाली होती. सी भाषेत '#एम्बेड' ही सूचना सी23 ह्या प्रमाणात, म्हणजे 2024 मध्ये छापून आली. अर्ध्या शतकाची भाषा, आणि एक फाइल आत घ्यायची साधी सोय आता.

लहान साधनांसाठी, सर्व्हरवर टाकायच्या एकट्या प्रोग्रामसाठी मी आज हाच मार्ग सुचवीन. चार एचटीएमएल पानं आणि दोन आयकन ह्यांच्यासाठी फोल्डर सांभाळत बसण्यात अर्थ नाही. व्हिडिओ मात्र असे आत कोंबू नयेत.

माझ्याकडे तर चालतं

पत्त्याच्या चुका सगळ्यांत जास्त होतात, आणि त्या नेहमी ॲप बांधल्यावरच उघड होतात. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम लेखकाच्या संगणकावर छान चालतो, कारण 'इमेजेस फोल्डरातलं लोगो' हा पत्ता, आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तिथून मोजला जातो. पायइन्स्टॉलरने त्याची एक ईएक्सई केली की ती चालताना सगळं सामान एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडते, ज्याचं नाव दर वेळी वेगळं असतं. उभं राहण्याची जागा एक, सामान भलतीकडे. प्रोग्रामला 'मी आत्ता पुडक्यातून चाललोय का, आणि असलो तर सामान कुठे उतरवलंय' हे विचारावं लागतं. ते न विचारलेला कोड बॉसच्या लॅपटॉपवर हमखास पडतो. शिवाय दर वेळी उलगडण्यात वेळ जातो, आणि तात्पुरत्या फोल्डरात उतरून चालणाऱ्या ईएक्सईकडे अँटिव्हायरस संशयाने बघतात.

दुसरी चूक मोठ्या-लहान अक्षरांची. फाइलचं नाव मोठ्या 'पीएनजी'त, कोडमध्ये लहान. विंडोजच्या डिस्कला हा फरक दिसत नाही, त्यामुळे महिनोन्महिने सगळं सुरळीत. जारमध्ये बांधलं की चित्र गायब, कारण झिपच्या यादीत ती दोन वेगळी नावं आहेत. अँड्रॉइडने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे प्रत्येक रिसोर्सला बांधतानाच एक आकडा मिळतो आणि कोड त्या आकड्याने विचारतो. वस्तू नसली तर ॲप बांधलंच जात नाही. चूक वापरणाऱ्याच्या हातात पडण्याआधीच लेखकाच्या तोंडावर फेकली जाते. चाळीस वर्षांपूर्वीच्या मॅकच्या क्रमांकांचंच हे पुढचं रूप. फरक इतकाच की तेव्हा क्रमांक माणूस लक्षात ठेवत असे.

आतून बाहेर

मग फोन आले आणि वजनाचा प्रश्न आला. अँड्रॉइडच्या दुकानात एपीकेला सुरुवातीला 50 एमबीची मर्यादा होती. मार्च 2012 मध्ये तिच्याबरोबर प्रत्येकी 2 जीबीच्या दोन जादा फाइली जोडायची परवानगी मिळाली. ॲपलने मोबाइल डेटावरून उतरवायच्या ॲपांवर मर्यादा घातली होती. ती 2013 मध्ये 100 एमबी होती आणि 2019 मध्ये 200 एमबी झाली. त्या रेषेच्या आत राहण्यासाठी लेखक चित्रं कातरत बसत, कारण रेषा ओलांडली की माणूस वायफायची वाट पाहतो आणि तोवर ॲप विसरतो.

2015 मध्ये आयओएस 9 ने 'लागेल तेव्हा आणायचं सामान' ही सोय दिली. 2018 मध्ये गूगलने ॲप बंडल जाहीर केलं आणि ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपांना ते सक्तीचं केलं. बंडल म्हणजे लेखकाने सगळं सामान दुकानात नेऊन द्यायचं. दुकान प्रत्येक फोनला पाहून त्याच्यापुरतं पॅकेज कापून देतं. ह्या पडद्याच्या दाटपणाची चित्रं, ह्या प्रोसेसरचा कोड, ह्या भाषेचा मजकूर. खेळांच्या जड सामानासाठी तीन तऱ्हा आहेत : ॲपबरोबरच, ॲप बसल्यावर लगोलग, किंवा मागितल्यावर. डेटा वाचतो, जागा वाचते, ह्यात शंका नाही. पण ह्या लेखाच्या सुरुवातीची दुसरी डोकेफोड इथे नव्याने सुरू होते. लेखकाने तपासलेलं पॅकेज आणि माणसाच्या फोनवर उतरलेलं पॅकेज आता एक नव्हे. ते कापतं दुकान, आणि त्यावर शेवटची सहीही दुकानातूनच होते.

मराठी वापरणाऱ्याला ह्याचा चटका नेमका भाषेत बसतो. बंडलमध्ये भाषांचे तुकडे वेगळे केलेले असतात, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ज्या भाषा निवडलेल्या असतील तेवढेच तुकडे उतरतात. आपल्याकडे फोन इंग्रजीत ठेवून ॲप मात्र मराठीत हवं असणारे लोक थोडे नाहीत. असा माणूस ॲपच्या आतल्या यादीत 'मराठी' निवडतो, आणि पडदा इंग्रजीच राहतो. लेखकाने 'व्हॅल्यूज-एमआर' फोल्डरात सगळं भाषांतर नीट केलेलं असतं, त्याच्या संगणकावरून थेट फोनवर टाकलं तर ते दिसतंही. दुकानातून आलेल्या ॲपात ते नसतं. भाषांतर वाईट आहे की नाही हा प्रश्नच येत नाही, ते घरी पोचलेलंच नसतं. ह्याला दोन उपाय आहेत. ॲपच्या आत भाषा बदलताच तो तुकडा दुकानाकडून मागवून घेण्याचा कोड लिहायचा. त्यासाठी त्या क्षणी नेटवर्क हवं. किंवा बांधणीच्या सेटिंगमध्ये भाषांची फाळणीच बंद करायची.

फॉन्टचंही तसंच. जुन्या अँड्रॉइडवर देवनागरी फॉन्ट ॲपबरोबर दिला तरी काम होत नसे, कारण वेलांटी अक्षराच्या आधी नेणं आणि जोडाक्षर जुळवणं हे फॉन्ट एकटा करत नाही. ते करणारं यंत्र ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असावं लागतं, आणि तेव्हा ते नव्हतं. पॅकेजात सगळं बांधता येतं हा समज किती अर्धवट आहे, ते तिथे कळे. आता ते यंत्र सगळीकडे आहे, फोनचा स्वतःचा देवनागरी फॉन्टही आहे. तरीही मराठी ॲपाने स्वतःचा फॉन्ट बरोबर घ्यावा असं माझं मत आहे. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपं सांगितली आहेत. फोनच्या फॉन्टमध्ये ती असतात किंवा नसतात, आणि असली तरी मजकुरावर 'ही मराठी आहे' अशी खूण नसेल तर हिंदी वळणाचीच रूपं पुढे येतात. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' किंवा 'बलू' ह्यांसारखे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. हा परवाना ॲपबरोबर फॉन्ट बांधून द्यायला, ते ॲप विकायलासुद्धा, परवानगी देतो. नुसता फॉन्ट विकायला मनाई करतो. डीटीपीच्या संगणकावर आहे म्हणून उचललेल्या फॉन्टला ही मुभा बहुधा नसते. तो परवाना छापण्याचा असतो, वाटण्याचा नव्हे.

फॉन्ट हलका करण्याच्या नादात एक चूक होते. न लागणारी अक्षरं कापताना फक्त युनिकोडची वर्णमाला पाहिली, तर 'क्ष', 'त्र', 'र्‍ह' ह्यांसारख्या जोडाक्षरांच्या आकृत्याही कापल्या जातात, कारण त्यांना स्वतंत्र युनिकोड क्रमांक नाही. जोडाक्षरांचे नियम वाचून मगच कापणारं साधन वापरावं. पूर्ण फॉन्टही काही शे केबीचाच असतो.

भाषेच्या मजकुराचं वजन तर त्याहून कमी. साध्या ॲपातली मराठी, हिंदी आणि इंग्रजी वाक्यं एकत्र धरली तरी ती फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या एका फोटोएवढीसुद्धा भरत नाहीत. जड व्हिडिओ, खेळाचे पुढचे टप्पे, शंभर धड्यांचे आवाज खुशाल बाहेर ठेवावेत. भाषांची फाळणी बंद करायला बांधणीच्या फाइलीत एकच ओळ लागते.